कर्माची प्रेरणा आणि फळाचा त्याग

मनुष्य काम कशासाठी करतो? 'पोटासाठी' हे उत्तर सहज येते. ते खोटे नाही, परंतु अपुरे आहे. पोट मनुष्यास कामावर आणते. ते काम मनोभावे करावे ही बुद्धी मात्र केवळ पोटातून उपजत नाही.

या दृष्टीने मुंबईच्या परळ-लालबाग भागातील गिरण्यांचा इतिहास पाहावा. तेथे साळखात्यात वेतन चांगले मिळे. पण अस्पृश्य मानलेल्या कामगारांस ते खाते बंद होते. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे दार उघडण्याचा आग्रह धरला. त्या मागणीत वेतन होते. त्याहून अधिक म्हणजे मनुष्य म्हणून मान होता.

बदली कामगाराची अवस्थाही विचार करण्याजोगी होती. गिरणीच्या दारात उभे राहावे. कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर रिकाम्या हाताने परत. अशाने कोणता साचा आपला म्हणावा? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करावे, हीही मागणी होती. पुढे हजारोंचे कामच गेले.

येथे कोणी शंका घेईल : श्रीगीतेत फळाची आशा सोडावयास सांगितले आहे, मग वेतनासाठी झगडणे अनुचित नव्हे काय? याचे समाधान असे की, त्याग आपल्याच वस्तूचा होतो. जे हाती आलेच नाही त्याचा त्याग कसला? दुसऱ्याचे फळ अडवून त्यालाच निष्कामतेचा उपदेश करणे हा धर्म नव्हे, धर्माच्या आडचा लोभ होय.

तथापि वेतनाचा निवाडा झाला म्हणजे सर्व झाले, असेही नव्हे. पूर्ण वेतन घेऊनही ज्याचे चित्त घड्याळाकडेच, त्यास काम ओझेच वाटते. उलट, कोणी पाहत नसताना जो विणकर तुटलेला धागा नीट सांधतो, त्याच्या मनात त्या क्षणी पगारही नसतो आणि मुकादमाचे भयही नसते; कापडात उणे राहू नये, एवढेच असते. निष्काम कर्माचे बीज ते हेच.

म्हणून आपल्यासाठी जो राबतो त्याचे वेतन वेळेवर द्यावे, त्यास मानाने हाक मारावी. फलत्यागाचा उपदेश मात्र प्रथम स्वतःस करावा.