परिग्रह आणि परवाना

संगणकाचा नाद असलेल्या मनुष्याने कोणते यंत्र घ्यावे, ते किती वर्षे वापरावे, रोखीने घ्यावे की हप्त्यांनी, हे प्रश्न सामान्यतः बाजाराच्या आणि घरगुती जमाखर्चाच्या सदरात टाकले जातात, आणि त्यांची उत्तरे देणारी मंडळीही बहुधा दुकानदार, हिशेबनीस किंवा त्याच नादाचे स्नेही असतात. परंतु मनुष्याने वस्तूंशी कोणत्या नात्याने राहावे हा प्रश्न ज्या अर्थी या सर्वांच्या मुळाशी आहे, त्या अर्थी ते धर्मविचाराच्या कक्षेत येतात, असे माझे मत आहे. आपल्या परंपरेने या नात्याचा विचार अपरिग्रह या नावाखाली केलेला आहे. पतंजलींनी त्याला पाच यमांत स्थान दिले, जैनांनी त्याला महाव्रत मानले आणि गांधीजींनी आपल्या आश्रमाच्या व्रतांत त्याचा समावेश केला. संन्याशाला हे व्रत सोपे जाते असे नव्हे. पण निदान त्याचा अर्थ तरी त्याला स्पष्ट असतो. ज्याच्या मेजावर दोन पडदे आहेत, ज्याच्या खणात जुन्या डिस्का, तारा आणि अडॅप्टर जपून ठेवलेले आहेत, आणि ज्याचे पोटही याच विद्येवर चालते, त्या गृहस्थाने अपरिग्रहाचा अर्थ काय लावावा, हे मात्र कोणी सांगत नाही.

योगसूत्रांवरील व्यासभाष्यात या व्रताची जी मीमांसा आली आहे, ती मला या बाबतीत फार मार्मिक वाटते. विषयांचा स्वीकार करू नये एवढेच सांगून भाष्यकार थांबत नाहीत. वस्तू मिळविण्यात, ती राखण्यात, तिच्या क्षयात, तिच्याविषयी जडणाऱ्या संगात आणि तिच्यापायी घडणाऱ्या हिंसेत जे दोष आहेत ते दिसले, म्हणजे त्या दर्शनातूनच अस्वीकार उत्पन्न होतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. येथे भर आज्ञेवर नसून पाहण्यावर आहे, आणि संगणकाच्या शौकिनाला पाहणे अवघड जाऊ नये, कारण यंत्राच्या अंतरंगात डोकावण्याची त्याला सवयच असते. तीच दृष्टी त्याने यंत्राच्या आगेमागे, म्हणजे ते कोठून आले, कोणत्या पैशाने आले आणि शेवटी कोठे जाणार, येथवर नेली पाहिजे.

क्षयाचा विचार आधी करू, कारण या क्षेत्रात तो सर्वांत विलक्षण आहे. घरातील पितळी भांडे वापराने झिजते. संगणक मात्र न वापरताही जुना होतो, कारण त्याचे जुनेपण त्याच्या स्वतःच्या झिजेवर न ठरता इतरांच्या प्रगतीवर ठरत आलेले आहे. एका चिपेवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असे अनुमान गॉर्डन मूर यांनी १९६५ साली मांडले आणि १९७५ साली ती मुदत दोन वर्षांची केली. पुढे कित्येक दशके जगाचा व्यवहार या अनुमानाच्या धोरणाने चालला. त्या काळात पाच वर्षांपूर्वीचे यंत्र मोडीत काढणे ही उधळपट्टी नव्हती, कारण नव्या कामांना ते खरोखरच पुरत नसे. आज स्थिती निराळी आहे. पत्रव्यवहार, हिशेब, देवनागरी अक्षरजुळणी, वाचन, मुलांचा अभ्यास एवढ्या कामांना दहा वर्षांपूर्वीचा बऱ्या प्रतीचा लॅपटॉप पुरतो. त्यातील फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली आणि रॅम चार जीबीची आठ केली, म्हणजे तो पुन्हा तरतरीत होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत, आणि नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या अल्पशा अंशात हे काम होते.

तेव्हा यंत्राचा क्षय आता बहुशः फर्मानाने होतो. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि तिच्यानंतरची विंडोज ११ ही टीपीएम २.० नावाची सुरक्षा-व्यवस्था व ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर मागते. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेली, आजही निर्दोष चालणारी यंत्रे एका तारखेने बाद ठरली. त्यामागची सुरक्षेची कारणे खरी आहेत, ती मी नाकारीत नाही. पण आपली वस्तू जुनी झाली की नाही हे ठरविण्याचा अधिकार तिच्या मालकाकडून निघून तिच्या निर्मात्याकडे गेला, ही गोष्ट मला साध्या गैरसोयीपेक्षा फार गंभीर वाटते. अशा यंत्रावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवून ते आणखी पाच-सात वर्षे वापरण्याचा मार्ग खुला आहे, आणि आप्तस्नेह्यांना मी तो आग्रहाने सुचवीत असतो.

हिंसेचा दोष दृष्टीआड असल्यामुळे सर्वांत सोयीस्करपणे विसरला जातो. बॅटरीतील कोबाल्टचा मोठा भाग काँगोच्या खाणींतून येतो, आणि तेथे हातांनी खणणाऱ्या माणसांत मुलेही असतात, हे आता गुपित राहिलेले नाही. यंत्राच्या आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्या आहेत, जेथे तांबे काढण्यासाठी तारा जाळल्या जातात आणि पट्टिका आम्लात बुडविल्या जातात. आपल्या सरकारने ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आणले व निर्मात्यांवर जबाबदारी टाकली, हे योग्यच झाले. तथापि, नियमांची अंमलबजावणी सरकारवर सोपवून खरेदीचा निर्णय मात्र आपल्या लहरीवर ठेवणे हे धर्मबुद्धीला शोभणारे नाही. नवे यंत्र वीज कमी खाते म्हणून ते घ्यावे, असा एक युक्तिवाद ऐकू येतो. लॅपटॉपच्या बाबतीत तो बहुधा टिकत नाही, कारण त्याच्यापायी होणाऱ्या कर्बउत्सर्जनाचा मोठा वाटा तो आपल्या हाती येण्यापूर्वी कारखान्यातच होऊन गेलेला असतो.

आता अर्जनाकडे, म्हणजे पैशाकडे वळतो. शून्य टक्के व्याजाच्या हप्त्यांविषयी रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना समज दिली होती की असे व्याज वस्तुतः नसतेच, ते दुसऱ्या कोठल्या तरी आकारात दडविलेले असते. त्यानंतर आलेल्या ‘नो कॉस्ट ईएमआय’ या व्यवहारात सामान्यतः व्याजाइतकी सूट किमतीत दाखविली जाते आणि बँक ते व्याज रीतसर वसूल करते; त्या व्याजावरील १८ टक्के जीएसटी व कित्येकदा प्रक्रिया-शुल्क ग्राहकाकडे येते, आणि रोखीच्या खरेदीवर मिळू शकणारी सवलत बुडते ती वेगळीच. ही रक्कम लहान असते. क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ओढली तर मात्र महिन्याला तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाकाठी चाळीस टक्क्यांच्या आसपास व्याज चढते, आणि ज्या वस्तूचा घसारा पहिल्याच वर्षी एवढा मोठा, तिच्यापायी एवढे व्याज भरणे हे दुहेरी नुकसान होय. माझा मुख्य आक्षेप मात्र नुकसानीवर नाही. कर्ज काढून चैनीची वस्तू घेणारा मनुष्य आपले उद्याचे श्रम आणि उद्याचा विवेक हे दोन्ही आज तारण ठेवतो. उद्या त्याला नोकरी सोडावीशी वाटली, एखाद्या अन्यायाला नकार द्यावासा वाटला, तर हप्त्याची तारीख त्याच्या सदसद्विवेकाच्या आड उभी राहते. उपजीविकेचे साधन म्हणून काढलेल्या कर्जाची गोष्ट निराळी, कारण तेथे साधनच कर्ज फेडते. तुकोबांनी दुष्काळानंतर घरच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली व धाकट्या भावाच्या वाटणीची त्याला देऊन टाकली, ही कथा आपण ऋणकोंवरील दया म्हणून सांगतो. मला ती धनकोच्याही मुक्तीची वाटते. कागदावरचा परिग्रह हा धान्याच्या कोठारापेक्षा हलका नसतो, हे त्यांनी ओळखले होते.

मग गृहस्थाने किती ठेवावे? या प्रश्नाला जैन विचाराने दिलेले उत्तर मला सर्वांत समंजस वाटते. तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येने केली नाही. मूर्च्छा, म्हणजे ममत्वाने आलेली बेशुद्धी, हाच परिग्रह असे त्यांनी मानले. आणि तरीही श्रावकासाठी परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत ठेवले, म्हणजे आपल्या मालमत्तेची मर्यादा गृहस्थाने मोह समोर येण्यापूर्वी, स्वस्थ चित्ताने स्वतःच आखून घ्यावयाची. कारण उघड आहे. बेशुद्धीची परीक्षा बेशुद्धीत करता येत नाही, म्हणून रेषा आधी ओढून ठेवावी लागते. संगणकाच्या शौकिनाने आपली रेषा अशी ओढावी: अमुक इतकी यंत्रे, यंत्रास किमान अमुक वर्षे, आणि नव्यासाठी वेगळी साठविलेली रक्कम पुरी झाल्याखेरीज दुकानाची पायरी चढावयाची नाही. यावर कोणी म्हणेल की नव्या तंत्राविषयीची उत्सुकता हाच तर या नादाचा प्राण आहे, ती मारून काय उरले? ती मुळीच मारावयाची नाही. जिज्ञासा आणि लालसा यांचा भेद अनुभवाने सहज कळतो: जिज्ञासा वस्तू हाती आल्यावर सुरू होते व तिचे पेच उघडून पाहते, आणि लालसा वस्तू हाती येताच संपते व पुढच्या वस्तूकडे वळते.

येथपर्यंतचा विचार जुन्या शास्त्रांच्या चौकटीत बसतो. परंतु गेल्या काही वर्षांत एक अशी स्थिती उत्पन्न झाली आहे जिची कल्पना शास्त्रकारांना येणे शक्य नव्हते. पूर्वी मनुष्याजवळ वस्तू असे आणि त्या वस्तूपायी बंधन असे. आज वस्तू जाते आणि बंधन राहते. लेखनाची, चित्रांची, हिशेबाची आज्ञावली आता कित्येक ठिकाणी विकत मिळतच नाही, मासिक वर्गणीने तिचा परवाना मिळतो. संगीत व चित्रपट आपल्या कपाटात नसतात, छायाचित्रेही दूरच्या कोणाच्या सर्व्हरवर असतात. वरवर पाहणाऱ्याला हा अपरिग्रहाचा विजय वाटेल, कारण घर रिकामे झाले. पण २००९ च्या जुलैमध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेल यांच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती, त्या विकणाऱ्यास प्रकाशनाचा हक्क नव्हता म्हणून, वाचकांच्या किंडल यंत्रांतून दुरूनच काढून घेतल्या. पैसे परत केले गेले आणि कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. तरी पुस्तक विकत घेणे म्हणजे काय, याचा अर्थ त्या दिवशी बदललेला स्पष्ट झाला. अपरिग्रही मनुष्य वस्तू सोडतो आणि स्वतंत्र होतो. वर्गणीदार वस्तू सोडतो आणि दर महिन्याच्या आकारणीने बांधला जातो; त्याची मूर्च्छा शाबूत राहते, मालकी तेवढी जाते. या दोन अवस्थांना एक समजणे हा आजचा सर्वांत घातक भ्रम आहे, असे मी समजतो.

याउलट खऱ्या धारणाचा मार्ग कोणता, हे गांधीजींच्या आत्मकथेत सापडते. दक्षिण आफ्रिकेत असताना गीतेतील अपरिग्रहाने त्यांना व्याकुळ केले, आणि त्याचा उलगडा त्यांना इंग्रजी कायद्याच्या अभ्यासातून झाला: विश्वस्ताच्या ताब्यात कोट्यवधींची मालमत्ता असली तरी तीतील एक पैही तो आपली मानीत नाही. याच विचाराच्या भरात त्यांनी मुंबईस उतरविलेली आपली दहा हजारांची विमा पॉलिसी बुडू दिली. त्या निर्णयाशी मी सहमत नाही. ज्याच्यावर मुलेबाळे अवलंबून आहेत त्या गृहस्थाचा साधा मुदतीचा विमा आणि सहा महिन्यांच्या खर्चाची शिल्लक ही परिग्रहात मोडत नसून कर्तव्यात मोडते. ईश्वर सर्वांची चिंता वाहतो ही श्रद्धा ज्याची त्याने स्वतःसाठी ठेवावी, दुसऱ्याच्या भाकरीवर ती लादू नये. पण विश्वस्ताची कल्पना मला पूर्णतः मान्य आहे. विश्वस्त आपल्या ताब्यातील वस्तू जाणतो, राखतो, तिचा हिशेब ठेवतो आणि ती योग्य हाती सोपवितो. एकनाथांनी देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना हिशेबातील एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागून काढली, ही कथा ज्याला ठाऊक आहे तो जमाखर्चाला अध्यात्माबाहेर ढकलणार नाही. आणि आज्ञावलीतील एक दोष शोधण्यासाठी ज्याने रात्र घालविली आहे, त्याला चूक सापडल्यावरचा नाथांचा तो पहाटेचा आनंद समजावून सांगण्याची गरज नाही.

या विश्वस्तवृत्तीची सर्वांत शुद्ध संस्था संगणकाच्याच जगात निर्माण झाली, याचे मला आश्चर्य आणि समाधान वाटते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू या मुक्त आज्ञावलीच्या प्रकल्पाची घोषणा केली, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचे बीज टाकले, आणि आज जगातील बहुतेक सर्व्हर त्या वृक्षाखाली चालतात. ग्नूचा सार्वजनिक परवाना हा बाकीच्या परवान्यांच्या उलट दिशेने लिहिलेला आहे: घ्या, उघडून पाहा, बदला, वाटा, मात्र बदललेले वाटाल तेव्हा तेही याच अटीवर द्या. आपल्याकडे मनुष्य जन्मतःच देव, ऋषी व पितर यांचे ऋण घेऊन येतो असे मानले गेले, आणि ऋषिऋण धनाने न फेडता अध्ययनाने व विद्या पुढे देऊनच फेडावयाचे असे सांगितले गेले. मुक्त आज्ञावली वापरणाऱ्या प्रत्येकावर असे ऋण आहे, आणि ते फेडण्यास प्रोग्रामर असण्याची आवश्यकता नाही. फायरफॉक्स, लिबरऑफिस व डेबियन ही मराठीतून वापरता येतात ती कोणी तरी आपल्या फावल्या वेळात त्यांतील एकेक ओळ मराठीत आणली म्हणूनच, आणि नवी आवृत्ती आली की नव्या ओळी अनुवादाची वाट पाहत राहतात. ज्या वाचकांना चांगले मराठी लिहिता येते आणि ज्यांच्या घरी एखादे जुने यंत्र धूळ खात पडले आहे, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी ते यंत्र दुरुस्त करून त्यावर लिनक्स बसवावे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ या अनुवादाला द्यावी.