विशेषणं काढल्यावर उरलेली लढाई

लढाईवरचा लेख सुधारायचा म्हणजे त्यात नवी माहिती घालायची, असा समज असतो. प्रत्यक्षात निम्मं काम काढून टाकण्याचं असतं. ‘धूळ चारली’, ‘पाणी पाजलं’, ‘पळता भुई थोडी केली’, ‘दैदीप्यमान’ हे सगळं शाहिराच्या तोंडी शोभतं. ज्ञानकोशाला कोण, कुठे, कधी आणि हे कशावरून, एवढंच हवं असतं. रात्री जेवणं उरकल्यावर मी विकिपीडियावर वडगावच्या लढाईचा मजकूर नीट करायला बसतो, तेव्हा पहिली कात्री या शब्दांवरच चालते.

वडगाव घेतलं, कारण ते हाकेच्या अंतरावर आहे. आमच्या पुनावळ्याच्या भुयारी मार्गातल्या कोंडीतून एकदा सुटलं, की देहूरोड, तळेगाव, मग वडगाव मावळ. हिंजवडी-चाकणच्या नोकऱ्यांमुळे आमच्याकडे इमारती उगवल्या. तिथली मंडळी सुटीच्या दिवशी जुन्या रस्त्याने लोणावळ्याला जातात, तेव्हा 1779 सालच्या एका मोहिमेतून उलट दिशेने प्रवास करत असतात. बहुतेकांच्या हे गावीही नसतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

रघुनाथरावाला पुण्यात पेशवा म्हणून बसवायला मुंबईकर इंग्रजांची सुमारे 3,900 माणसांची फौज नोव्हेंबर 1778 मध्ये निघाली. बरोबर तोफांचे आणि ओझ्याचे मिळून 19 हजारांवर बैल. बोरघाट चढल्यावर ही फौज दिवसाला जेमतेम पाऊण मैल सरकू लागली. हुकूम देणारा सेनापती एक नव्हता, समिती होती: कारनॅक, एगर्टन आणि मॉस्टिन. मॉस्टिन आजारी पडून 1 जानेवारीला वारला. पुढे एगर्टननेही अंथरूण धरलं आणि सूत्रं कॉकबर्नकडे गेली. समोर महादजी शिंदे आणि तुकोजी होळकर, मागे पुण्यात नाना फडणीस. मराठ्यांनी मोठी झुंज टाळली, रसद तोडली, वाटेतली दाणावैरण नाहीशी केली. 9 जानेवारीला इंग्रज तळेगावात पोचले तेव्हा गाव जळालेलं होतं. 11च्या रात्री जड तोफा तळ्यात ढकलून त्यांनी माघार धरली आणि दुसऱ्या दिवशी ते वडगावात कोंडले गेले. तहाची तारीख काही पुस्तकांत 16 जानेवारी आहे, काहींत 17. अशा वेळी आवडीची तारीख निवडायची नसते. दोन्ही द्यायच्या आणि कोणती कोणाची ते सांगायचं.

वरच्या हकीकतीत गौरवाचं एकही विशेषण नाही, तरी मला ती कुठल्याही पोवाड्याइतकी जोरकस वाटते. तो बैलांचा आकडाच पाहा. पण हा आकडा येतो इंग्रजी इतिहासातून. ग्रँट डफचा ग्रंथ 1826चा, आणि तो स्वतः साताऱ्यात ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी होता. चर्चापानावर हटकून प्रश्न येतो: आपल्या विजयाला त्यांचे दाखले कशाला? माझं मत उलट आहे. जिंकणाऱ्याने आपली पाठ थोपटून घेण्यात नवल नाही. पण इथे हरलेल्यांनीच घरात चौकशी मांडली आणि कंपनीच्या संचालकांनी कारनॅक, एगर्टन, कॉकबर्न या तिघांनाही नोकरीतून काढलं. महादजीच्या बाजूने याहून भक्कम साक्षीदार कुठून आणायचा? ‘दैदीप्यमान’ काढून मी ही बडतर्फी घालतो, आणि लेखाचं वजन वाढतं असं मला वाटतं.

हे काम काही आमच्या पिढीने काढलेलं नाही. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड छापला तो यासाठीच: आधी कागद, मग अभिमान. रियासतकार सरदेसाई बडोद्याची नोकरी संपल्यावर कामशेतला राहिले, म्हणजे थेट या मोहिमेच्या वाटेवरच. पेशवे दफ्तरातल्या निवडक कागदांचे 45 भाग त्यांच्या संपादनाखाली निघाले, आणि नवे कागद हाती आले की जुनं लिखाण ते पुन्हा तपासत. फरक इतकाच की त्यांना आवृत्ती निघेपर्यंत थांबावं लागे. आमच्याकडे दुरुस्ती क्षणात होते आणि तितक्याच लवकर कुणीतरी ती उलटवतोही.

मला अडवतं ते तळेगाव. गाव जाळलं ते आपल्याच बाजूने. चिंचवड आणि खुद्द पुणेही जाळायची तयारी होती, अशी नोंद इंग्रजी इतिहासात आहे. लेखात याचं एक कोरडं वाक्य होतं: ‘मराठ्यांनी दग्धभू धोरण अवलंबले.’ पण पौषात, कणग्या भरलेल्या असताना, ज्यांची घरं पेटली त्यांना कुणी आधी सांगितलं होतं का? जनावरं घेऊन ती माणसं कुठल्या डोंगराला गेली? आमच्या पवनेकाठी कुणी आलं असेल का? हे विचारण्याची सोय लेखात नाही, कारण तिथे स्वतःच्या तर्काला जागा नाही. नियम जाचक आहे, पण मी त्याच्या बाजूचा आहे. आज मी तळेगावकरांच्या हालांविषयी कळवळ्याने एक तर्क घालीन, उद्या दुसरा कुणी तितक्याच कळवळ्याने महादजीच्या तोंडी संवाद घालील.

गंमत म्हणजे, शत्रूकडचा एक माणूस या मुलखाने नावानिशी जपला. 4 जानेवारीला कार्ल्याला पडलेला कॅप्टन स्ट्युअर्ट म्हणजे आपला इष्टुर फाकडा. त्याची समाधी वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात आहे. तळेगावात घर गेलेल्या एकाचंही नाव मला आजवर छापील मजकुरात भेटलेलं नाही.

सगळ्यात मोठी हुज्जत माहितीचौकटीतल्या ‘परिणाम’ या रकान्यावर होते. ‘निर्णायक विजय’ की नुसता ‘विजय’? साष्टी आणि 1773 नंतर घेतलेला मुलूख परत देण्याचं इंग्रजांनी वडगावात कबूल केलं, रघुनाथराव शिंद्यांच्या हाती आला. पण वॉरन हेस्टिंग्जने तह झुगारला, इंग्रज सेनानी गॉडर्डने 1780 मध्ये अहमदाबाद आणि वसई घेतली, आणि 1782च्या सालबाईच्या तहात साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणून मी ‘निर्णायक’ काढतो. दुसरा एक सदस्य ते परत घालतो. आमची ओळख नाही, भांडण मात्र सभ्य आहे. तोही संदर्भ देतो, आणि त्यामुळे मलाही पुस्तकं पुन्हा उघडावी लागतात.

त्याच चौकटीत मराठ्यांकडच्या मृतांचा रकाना मी रिकामा ठेवला आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी वाचणाऱ्या कुणाला कागदांच्या एखाद्या रुमालात तो आकडा सापडूही शकेल. मात्र त्यांनी तो आधी कुठेतरी रीतसर छापावा. थेट चौकटीत भरला, तर तो काढणारा पहिला मीच असेन.