निळ्या स्फटिकाचे नैसर्गिकपण

खनिजांच्या संग्रहात ‘नैसर्गिक’ हा शब्द जितक्या वेळा येतो तितका क्वचितच दुसरा येत असेल. हा शब्द वर्णनपर आहे की मूल्यवाचक, असा प्रश्न विचारला तर संग्राहक बहुधा ‘वर्णनपर’ असे उत्तर देईल. वस्तू माणसाने घडवलेली नाही, एवढेच त्याला सांगायचे असते. तथापि ही साधी वाटणारी ग्वाही तपासू लागल्यावर निसर्गसौंदर्य आणि कलासौंदर्य यांच्यातील सीमारेषाच आपल्याला पुन्हा आखावी लागते, असे या लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी स्फटिक हे सोयीचे उदाहरण आहे. त्याचा आकार इतका नियमबद्ध असतो की तो कोणीतरी योजून घडवला असावा असे वाटते, आणि तरीही त्याला घडवणारा कोणी नसतो. कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात निसर्गाच्या मुक्त आकारनिर्मितीचे उदाहरण म्हणून द्रवातून स्फटिक साकार होण्याची क्रिया निवडली, ती याच कारणाने.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक वस्तू डोळ्यांपुढे ठेवू. कॅव्हन्साइट हे कॅल्शियम, व्हॅनेडियम व सिलिकॉन यांचे सजल खनिज असून या तीन मूलद्रव्यांच्या नावांवरूनच त्याचे नाव तयार झाले आहे. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात ते प्रथम सापडले आणि १९७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. परंतु जगभरच्या काचपेट्यांतून आज जे कॅव्हन्साइट दिसते ते प्रायः पुण्याजवळील वाघोलीच्या दगडखाणींतले आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे नमुने बाहेर पडू लागले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून दख्खनचा काळा कातळ झाला. त्यात राहिलेल्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपले आणि पांढऱ्या स्टिल्बाइटच्या थरावर सुईसारख्या निळ्या स्फटिकांचे लहान लहान गुच्छ उमटले. इतका गडद निळा रंग आणि त्याखाली इतकी स्वच्छ पांढरी बैठक ही संगती विरळा आहे.

आपल्या दर्शनपरंपरेत स्फटिक येतो तो मुख्यतः स्वतःचा रंग नसलेली वस्तू म्हणून. जास्वंदीचे फूल शेजारी ठेवले की तो तांबडा भासतो. ती तांबडेपणाची उपाधी दूर केली की तो पूर्ववत शुद्ध होतो. आत्म्याच्या निर्लेपतेसाठी हा दृष्टान्त वापरला गेला. कॅव्हन्साइट या दृष्टान्ताच्या नेमके उलट टोकाला आहे. नीलमण्याचा निळेपणा त्यात शिरलेल्या अल्पशा लोह व टायटॅनियममुळे येतो. तो अंश नसेल तर तेच खनिज रंगहीन असते. कॅव्हन्साइटचा निळेपणा मात्र त्याच्या घटनेचाच भाग असलेल्या व्हॅनेडियमचा आहे. तो काढून घेतला तर ते खनिजच उरणार नाही. म्हणजे येथे रंग ही उपाधी नाही, तो स्वभाव आहे. मग उपाधी कोणती? माझ्या मते ‘नमुना’ असणे हीच येथे उपाधी आहे. निळेपणा स्फटिकाचा स्वतःचा, पण त्याचे नमुनेपण त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडून त्याला आलेले आहे.

हे स्पष्ट होण्यासाठी दुसरा निळा स्फटिक पाहू. मोरचूद सर्वांच्या परिचयाचे आहे. द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात ते असते, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत संपृक्त द्रावणात दोरा सोडून त्याचे ठसठशीत स्फटिक विद्यार्थी वाढवतात. हेच द्रव्य तांब्याच्या खाणींच्या भिंतींवर, कोरड्या प्रदेशांत, आपोआपही स्फटिकरूप घेते. या नैसर्गिक खनिजाला शास्त्रात चॅल्कॅन्थाइट म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेले स्फटिक दगडावर बसवून चॅल्कॅन्थाइट म्हणून विकण्याचे प्रकार संग्राहकांना चांगलेच ठाऊक आहेत. या दोन स्फटिकांत रासायनिक घटनेचा फरक नाही, अणुरचनेचा नाही आणि रंगाचाही नाही. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराप्रमाणे संवेदनांच्या संबंधांत संवाद, विरोध व समतोल यांची लय असणे हीच सौंदर्याची कसोटी मानली, तर दोहोंचे सौंदर्य समान ठरले पाहिजे. तरीही बनाव उघड झाल्यावर संग्राहक तो तुकडा कपाटातून काढून टाकतो. त्याच्या या वागण्याला केवळ बाजारभावाची चिंता म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही.

कांटने या अनुभवाला योग्य ते महत्त्व दिले होते. रात्री ऐकू येणाऱ्या बुलबुलाच्या गाण्याने मोहित झालेल्या पाहुण्यांना, ते गाणे झुडपात लपलेल्या पोराने ओठांशी धरलेल्या वेताच्या नळीतून निघत आहे असे कळले, तर ते फार वेळ ऐकत बसणार नाहीत, असे तो म्हणतो. ध्वनी तोच असतो, रस मात्र संपतो. निसर्गसौंदर्यातील आपला रस केवळ आकारात नसतो, तर हे निसर्गाने केले आहे या विचारातही असतो. त्याला कांट नैतिक महत्त्व देतो, कारण आपल्या सोयीसाठी न घडलेले जग आपल्या आकलनशक्तीशी जुळते आहे याची ती खूण असते. येथे ‘नैसर्गिक’ या शब्दाचा खरा अर्थ हाती लागतो. तो वस्तूच्या दृश्य गुणांविषयी काही सांगत नाही. तो वस्तूच्या इतिहासाविषयीचे विधान करतो. इतिहासाविषयीचे विधान खरे किंवा खोटे असू शकते. त्याला साक्ष लागते, आणि साक्ष देणाऱ्यावर सत्यकथनाचे बंधन येते.

तर मग वाघोलीच्या नमुन्याचा इतिहास पूर्णपणे सांगून पाहू. पोकळीत स्फटिक तयार झाला हे त्याचे पहिले प्रकरण, आणि नोंदपट्टीवर बहुधा तेच गृहीत असते. परंतु खाण स्फटिकासाठी खणलेली नव्हती, ती खडीसाठी खणलेली होती. सुरुंग उडाला, कातळ फुटला, पोकळी उघडी पडली. घण आणि पहार घेतलेल्या कोणीतरी हजार दगडांतून एक दगड बाजूला ठेवला. मग तो कापडात गुंडाळला गेला, व्यापाऱ्याकडे गेला, धुतला गेला. निळा गुच्छ मधोमध यावा अशा बेताने त्याचा मूळ दगड छाटला गेला. सुटलेला गुच्छ क्वचित पुन्हा चिकटवला गेला, कधी तो मुळात नव्हताच तेथेही चिकटवला गेला. शेवटी काचेमागे, योग्य कोनातील दिव्याखाली, तो ‘जसा सापडला तसा’ मांडला गेला. यातील कोणताही टप्पा वगळला तर स्फटिक असेल, पण नमुना असणार नाही. ज्याला आपण निसर्गाची कृती म्हणून पाहतो ती वस्तू निवड, छाटणी, चौकट आणि प्रकाशयोजना यांतून सिद्ध झालेली असते. या क्रिया संपादकाच्या आणि समीक्षकाच्या परिचयाच्या आहेत.

यावर कोणी म्हणेल की मग ही सगळी उचलाउचलच अनिष्ट आहे, स्फटिक जेथे आहे तेथेच असू द्यावा. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते सर्वत्र सारखे लागू पडत नाही. वाघोलीत पर्याय संग्रह की कातळातील अस्पर्श काळोख, असा नव्हता. तो काचपेटी की क्रशर, असा होता. तेथे उचलणे हे वाचवणे होते. याउलट व्हिव्हिअनाइट हे लोहाचे फॉस्फेट खनिज पाहा. जमिनीतून काढताक्षणी ते जवळजवळ रंगहीन असते. हवेने व प्रकाशाने त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण होते, ते निळे होते आणि पुढे काळवंडत जाते. त्याचा निळेपणा हा आपल्याला दिसू लागल्याचाच परिणाम आहे, आणि दर्शन लांबले की तोच त्याचा नाशही आहे. असे खनिज नित्य दिव्याखाली ठेवणारा संग्राहक पाहण्याच्या हक्काची किंमत वस्तूकडून वसूल करतो. तेव्हा संग्रह करणे योग्य की अयोग्य याचे एक सरसकट उत्तर नाही. पर्याय काय होता, आणि आपल्या पाहण्याने वस्तूचे काय होते, हे प्रत्येक ठिकाणी विचारावे लागते.

एक गोष्ट मात्र सर्वत्र लागू आहे. वस्तू तिच्या जागेवरून हलवणाऱ्याने ती जागा सांगितली पाहिजे. स्थळाची नोंद हरवलेला नमुना शास्त्राच्या दृष्टीने जवळजवळ मुका होतो, उरते ती शोभेची वस्तू. संग्राहक हे जाणतात. म्हणून चांगल्या नोंदपट्टीवर खनिजाचे नाव, खाण, गाव, जिल्हा, कधी पूर्वीच्या मालकांची परंपराही असते. डागडुजी केली असल्यास ती सांगावी असा संकेतही आहे. नसते ते एकच नाव: ज्याने दगड प्रथम बाजूला ठेवला त्याचे. ही रीत जुनी आहे. बोरघाटातून लोहमार्ग काढताना, जो १८६३ साली पूर्ण झाला, कातळ फोडून निघालेले झिओलाइटचे सुंदर स्फटिक संग्रहालयांत पोचले. घाट फोडणाऱ्यांची नावे त्यांच्याबरोबर गेली नाहीत.

खाणकामगाराने स्फटिक घडवला नाही, मग त्याचे नाव कशासाठी, असे विचारता येईल. पण मालकांनीही तो घडवला नव्हता. शिवाय हजार दगडांतून एक वेगळा काढणे हा केवळ अंगमेहनतीचा भाग नाही. ‘हा क्रशरमध्ये जाऊ नये’ हा त्या स्फटिकाविषयीचा पहिला अभिरुचिनिर्णय आहे. त्याला पैशांची आशा होती, म्हणून तो निर्णय निरपेक्ष नव्हता, हे खरे. पण रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ या ग्रंथात दाखवल्याप्रमाणे आपला सौंदर्यविचार लौकिक आणि अलौकिक या दोन ध्रुवांमध्ये वावरतो. काचपेटीसमोरच्या प्रेक्षकाला अलौकिक, निरपेक्ष आस्वादाची सवड मिळते ती खाणीतल्या कोणाच्या तरी लौकिक गरजेने तो दगड वाचवला म्हणून. ही परतफेड न करता येणारी बाब असेल, पण न सांगता येणारी नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या युक्तिवादाची ओळख पटायला हरकत नाही. जात्यावरच्या ओव्या दीर्घकाळ ‘अनामिक’ म्हणून, जणू मातीतूनच उगवल्यासारख्या, संग्रहित होत राहिल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या संकलनात गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव ओवीबरोबर नोंदले गेले, तेव्हा ध्यानात आले की अनामिकता हा ओवीचा स्वभाव नव्हता. ती संग्राहकाची सवय होती. त्या नोंदीमुळे ओवी कमी सुंदर झाली नाही. एखादे नाव कळल्याने जे सौंदर्य उणावते ते मुळात अज्ञानावर उभे होते, एवढाच त्याचा अर्थ होईल.

म्हणून ‘नैसर्गिक’ हा शब्द संग्राहकाने सोडून द्यावा असे नाही. त्याने तो पूर्ण अर्थाने वापरावा. स्फटिकाचा निळेपणा निसर्गाचा आहे. त्याचे येथवर येणे माणसांचे आहे. नोंदपट्टीवर या दोहोंना पुरेल इतकी जागा असते. खाणीतल्या माणसाचे नाव मिळत नसेल तर ‘खडीच्या खाणीत कामगारांनी वेगळा काढलेला’ एवढे तरी तेथे लिहिता येते. तेवढे लिहिल्यानंतरच ‘हे माणसाने घडवलेले नाही’ ही ग्वाही खरी ठरते, कारण तेव्हा ती माणसाने काय केले हे लपवून दिलेली नसते.