मंद आचेवरची कलौंजी

आष्टी, ता. परतूर, जि. जालना

बाळा,

तुझा निरोप तुझ्या बाबांनी मोबाइलवर ऐकवला आणि तू कलौंजीबद्दल मला विचारलंस याचा किती आनंद झाला म्हणून सांगू. तुझ्या खोलीतल्या मैत्रिणीने कलौंजीच्या तेलाची बाटली मागवली, रोज सकाळी उपाशीपोटी मोठा चमचाभर घेतलं की केस गळायचे थांबतात, वजन उतरतं, तोंडावरच्या पुटकुळ्या जातात आणि पंधरा दिवसांत फरक दिसतो असं तिने कुठेतरी पाहिलं, आणि आता तू विचारतेस की आजी, मीही घेऊ का. घ्यायच्या आधी विचारलंस हे तुझ्या स्वभावाला धरूनच झालं. लहानपणीही ताटात वाढलेलं तू आधी वास घेऊन पाहायचीस, मगच घास उचलायचीस. मला त्या सगळ्यात काळजी वाटली ती एकाच गोष्टीची, त्या ‘पंधरा दिवसां’ची. बी चांगलं आहे गं. त्याला घाई मात्र मानवत नाही.

म्हणून आज सविस्तर लिहिते. पहाटे उठले, अंगण झाडून झालं, चहा झाला, अजून गल्लीत जाग नाही, तेव्हा हात मोकळा आहे. (तूही जरा लवकर उठत जा. अभ्यासासाठी म्हणत नाही, तो तू करतेसच. पण सकाळी पोट साफ होऊन भूक नीट लागली तर निम्म्या औषधांची गरजच पडत नाही.)

आधी बी ओळखायला शीक. आपल्या स्वयंपाकघरात काळ्या बियांची काही कमी नाही. कारळं तर तुझ्या ओळखीचं, लांबट आणि चकचकीत, त्याची चटणी ज्वारीच्या भाकरीवर तेलाची धार सोडून तू खात आलीस. काळे तीळ चपटे असतात. सब्जा पाण्यात टाकला की फुगून बुळबुळीत होतो. कडू जिरं लांबट, अंगावर रेघा असलेलं, आणि तोंडात धरवणार नाही इतकं कडू; ते पूर्वी पोरांना जंतांवर द्यायचे, ते वेगळं औषध आहे, त्याला कलौंजीच्या जागी वापरायचं नाही. कलौंजीचा दाणा बारीक, तीन कोनांचा, बिनचमकीचा आणि बोटाला जरा खरखरीत लागतो. पाच-सहा दाणे तळहातावर घे, अंगठ्याने दाबून चुरड आणि नाकाशी ने. ओव्यासारखा, थोडा मिऱ्याकडे झुकणारा उग्र वास आला तर ती कलौंजी. 

कांद्याचं बी दिसायला अगदी तसंच असतं, म्हणून कितीतरी दुकानदार कलौंजीलाच कांद्याचं बी म्हणून पुडीत बांधून देतात. पण चुरडल्यावर कांद्याच्या बियाला हा वास नाही. हे मी मुद्दाम लांबण लावून लिहितेय, कारण आपला जिल्हा बियाण्यांचा. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, पुढे १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि आज आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरात फळीवर बियाण्याचं एखादं पाकीट असतंच. पेरणीच्या बियाला बुरशी लागू नये म्हणून औषध चोळलेलं असतं. ते बी खायचं नसतं, मग ते कांद्याचं असो की कशाचं. कुणी शेतातलं उरलेलं काळं बी प्रेमाने दिलं तरी तोंडात टाकू नकोस. किराणा दुकानातलं, खाण्याचं म्हणून विकलेलं, तेच घे. आणि घ्यायचं ते पन्नास ग्रॅम. पावकिलो स्वस्त पडतं म्हणून आणायचं आणि सहा महिने वास उडालेलं बी खात बसायचं, याला काटकसर म्हणत नाहीत बाळा. लागेल तेवढंच आणणं आणि आणलेलं शेवटच्या दाण्यापर्यंत वापरणं, ही आपल्या घरची काटकसर.

आता आयुर्वेदाचं. सोळाव्या शतकात भावमिश्रांनी भावप्रकाश लिहिला, त्यात जिऱ्याचे तीन प्रकार एका जागी सांगितलेत: पांढरं जिरं, काळं जिरं आणि ही कलौंजी. तिचं तिथलं नाव उपकुंचिका. कालाजाजी असंही म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती जिऱ्याच्या कुळातली नाही, तुझ्या पुस्तकात ती वेगळ्याच कुळात सापडेल. पण वैद्यांनी कामावरून गट केला. चवीला तिखट, गुणाने उष्ण, पचायला हलकी. भूक वाढवते, पोटातला वारा मोकळा करते, कफ कमी करते, आणि पित्त मात्र वाढवते. हे शेवटचं वाक्य बाटलीवर कुणी छापत नाही, म्हणून तू ते दोनदा वाच. तुला उन्हाळ्यात तोंड येतं, जागरण झालं की घशाशी आंबट येतं. अशा अंगाच्या माणसाने वैशाखात, आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, सकाळी उपाशीपोटी उष्ण तेलाचा मोठा चमचा घ्यायचा म्हणजे काय होईल ते तूच सांग. पावसाळ्यात, थंडीत, जेवणात चिमूटभर, तर तीच कलौंजी तुला गुण देईल.

बाळंतिणीच्या औषधात तिला मोठा मान. बाळंतपणानंतर गर्भाशय शुद्ध व्हावं, दूध उतरावं, वारा धरू नये म्हणून जुने वैद्य जिरं, ओवा, शेपा, सुंठ यांच्याबरोबर कलौंजी गुळातुपाच्या पाकात घालून देत. आपल्या घरी शेपा-ओव्याचंच चालायचं, शेगडी पेटवून खोली उबदार करायची, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, पण ज्या घरी वैद्याचा पाक यायचा तिथे ही असायची. आणि इथेच मला तुझ्या ताईची आठवण झाली. तिला दिवस गेलेत. ज्या गुणासाठी हे बी बाळंतपणानंतर देतात, त्याच गुणामुळे ते आधी टाळतात. लोणच्यात चार दाणे आले तर काही बिघडत नाही, पण चूर्ण, काढा किंवा तेल तिने घ्यायचं नाही. तू तिला आजच फोन करून सांग, माझ्यापेक्षा तुझं ती लवकर ऐकते.

आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता हे तू शाळेत शिकलीस. त्यामुळे आपल्याकडे वैद्य आणि हकीम दोन्ही लोकांच्या ओळखीचे. हकिमांच्या युनानी वैद्यकात हेच बी शोनीज या नावाने येतं; इब्न सिनाच्या हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथातही ते आहे. आणि मुसलमान घरांत तर त्याला श्रद्धेचंही बळ आहे, कारण मृत्यू सोडून प्रत्येक आजारावर या काळ्या बियात शिफा, म्हणजे उतारा, आहे, अशा अर्थाचं प्रेषितांचं वचन हदीसमध्ये सांगितलेलं आहे. शेजारच्या खाला लोणच्यात कलौंजी घालतात, मिरचीच्या सालनाला तिची फोडणी देतात, ईदच्या दिवशी त्यांच्याकडच्या रोटीवरही ती पेरलेली असते. त्यांच्या घरात या बियावर केवढा विश्वास, पण मी त्यांना कधी मुठीने कलौंजी खाताना पाहिलं नाही. चिमटीनेच घेतात. विश्वास असलेल्या माणसाला घाई नसते, हे मी त्यांच्याकडे पाहून म्हणते.

त्यांच्याकडूनच मी ती भाजायला शिकले, आणि हे सगळ्यात नीट लक्षात ठेव, कारण पत्र लिहायला बसले ते खरं म्हणजे एवढ्यासाठी. शेंगदाणे भाजताना रंग बदललेला दिसतो, तीळ फुगतात, जिरं तांबूस होतं. कलौंजी मुळातच काळी. डोळ्यांना काहीही कळत नाही. लोखंडी तवा किंवा जाड बुडाची कढई घ्यायची, आच अगदी मंद ठेवायची, दोन चमचे बी टाकायचं आणि उलथण्याने सारखं हलवत राहायचं. आधी काहीच होत नाही, मोबाइलकडे हात जावा असं वाटतं, तो जाऊ द्यायचा नाही. मग दाणे हलताना कोरडे, हलके वाजायला लागतात. मग वास येतो, आधी ओव्याचा, मागून गोडसर, तेलकट. तो गोडसर वास आला की लगेच कढई उतरवायची आणि बी ताटात पसरायचं, कढईत ठेवलं तर तिच्याच उष्णतेने करपतं. एक क्षण उशीर झाला की कडू. आच मोठी केली तर वरून करपतं, आतून कच्चं राहतं, आणि रंगावरून तुला ते कळणारसुद्धा नाही, जिभेवर ठेवशील तेव्हाच कळेल. पूर्ण गार झाल्यावर कुटायची, तीही आठवड्यापुरती. तिच्यातलं सुगंधी तेल उडून जातं, आणि दाण्यात वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास तेल असतं, ते कुटून ठेवलं की खवट व्हायला वेळ लागत नाही. अख्खी मात्र काचेच्या बरणीत, उन्हापासून लांब, पुष्कळ टिकते.

वापर म्हणशील तर साधा. मेसच्या जेवणाने पोट फुगलं की वाटीभर ताकात चिमूटभर भाजलेली पूड आणि सैंधव. वरणाला फोडणी देताना जिऱ्याबरोबर पाव चमचा. थालीपिठाच्या पिठात, धपाट्यात थोडी. लिंबाच्या लोणच्यात तर ती फार रुळते. सर्दीने नाक चोंदलं तर चमचाभर कलौंजी कोमट करून सुती फडक्यात पुरचुंडी बांध, तळहातावर चोळ आणि हुंग. नाकाशी धरायच्या आधी मनगटाला लावून पाहा, गरम असेल तर भाजेल. घोंगड्या, शाली ठेवतानाही अशीच एक पुरचुंडी घडीत घालायची पद्धत आहे, कसर लागत नाही. चूर्णाचं प्रमाण वैद्य साधारण एक ते तीन ग्रॅम सांगतात, पण ते औषध म्हणून, आजार पाहून, ठरावीक दिवस. तुझ्यासारख्या निरोगी मुलीला स्वयंपाकातली चिमूट पुरे.

केसांचं तुला फार लागतं, ते मी जाणते. खोबरेल तेलात थोडी मेथी आणि कलौंजी घालून मंद आचेवर कोमट करून, रात्रभर झाकून, सकाळी गाळून घे आणि आठवड्यातून दोनदा डोक्याला चोळ. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस थांब, कुणाकुणाच्या कातडीला पुरळ येतं. त्याने डोकं शांत राहील, केस मऊ राहतील. गळणं थांबेलच असं मी म्हणणार नाही. मुलींचे केस परीक्षेच्या काळजीने गळतात, रक्त कमी असलं तरी गळतात, थायरॉइडमुळे गळतात. दोन-तीन महिने पाहा, तरी थांबलं नाही तर रक्त तपासून घे, त्याचे पैसे बाबांकडे मागायला संकोच करू नकोस. 

डॉक्टर लोकांनीही या बियाचा अभ्यास केलाय. त्यातल्या थायमोक्विनोन नावाच्या द्रव्यावर प्रयोगशाळांत पुष्कळ काम झालं, आणि माणसांवरच्या लहान-लहान चाचण्यांत रक्तातली साखर, चरबी, रक्तदाब थोडा उतरल्याचं दिसलं. थोडा. औषधाऐवजी घ्यावं इतका नाही. आणि उतरतो म्हणूनच जपायचं: तुझ्या बाबांना रक्तदाबाची गोळी चालू आहे, त्यांनी हे तेल पोटात घेतलं तर दोन्ही मिळून रक्तदाब नको तेवढा खाली जाऊ शकतो. साखरेची गोळी घेणाऱ्यांचं तेच. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा ऑपरेशन ठरलं असेल, तर त्या दिवसांत चूर्ण-तेल बंद. बाबांना मी इथून सांगितलंय, पण त्यांना इंटरनेटवरचं पटकन पटतं, तूही सांग.

शनिवारी मामा पुण्याला निघतोय, त्याच्याबरोबर डबा पाठवते. मोठ्या बरणीत कारळाची चटणी आहे, ती आधी संपव, तिला लवकर खवट वास लागतो. छोट्या बाटलीत अख्खी कलौंजी आहे, भाजलेली नाही, मुद्दाम. तुझ्या खोलीवर इंडक्शनची शेगडी आहे ना, सर्वांत कमी आचेवर तूच भाज, आणि पहिल्यांदा एकच चमचा घे. तुझ्या मैत्रिणीला विचार, तिला कुठल्या गोळ्या चालू आहेत का. असतील तर ती बाटली तिने आधी डॉक्टरांना दाखवावी. नसतील तरी उपाशीपोटी मोठा चमचा नको म्हणावं, आणि आपल्या बाटलीतले थोडे दाणे तिलाही दे.

तुझी,
आजी