गेलेल्याची किल्ली

भाडेकरू घर सोडून गेला, की शहाणा घरमालक कुलूप बदलतो. भाडेकरू कितीही सज्जन असो. किल्लीची नक्कल दहा मिनिटांत होते आणि सज्जनपणाची खात्री दहा वर्षांतही होत नाही. पण हेच शहाणपण सासरी गेलेल्या लेकीच्या बाबतीत दाखवून पाहा! पुढच्या दिवाळीला घरात फराळापेक्षा रुसवाच जास्त व्हायचा.

हा पेच आता आपल्या खिशात येऊन बसला आहे. व्हॉट्सॲपने २०१६ साली सगळ्यांची बोलणी कुलूपबंद केली. तेव्हापासून ग्रुपमधून कुणी बाहेर पडला, की उरलेल्या प्रत्येकाचा फोन जुनी किल्ली टाकून नवी घडवतो. गेलेल्याला पुढचं अक्षर वाचता येऊ नये, म्हणून.

आता १०२४ जणांतून एक गेला, तर उरलेल्या १०२३ जणांना नवी किल्ली एकेकट्याने पोचवायची? गणितवाल्यांनी १९९०च्या दशकातच यावर तोड काढली. जुन्या वाड्यासारखी रचना करायची: खोलीची किल्ली, मजल्याची, चौकाची आणि शेवटी दिंडी दरवाजाची. गेलेल्याच्या जुडग्यात होत्या तेवढ्याच बदलायच्या. बाकीच्या खोल्यांची झोपमोड नाही. दर पायरीला दोन फाटे धरले, तर १०२४ जणांना पायऱ्या दहाच. वीसेक निरोपांत काम फत्ते!

आता खरा प्रश्न. हा गेलेल्या माणसाचा अपमान नाही का?

मला विचाराल, तर नाही. सोसायटीचे चेअरमन गेले तरी यंत्र किल्ली बदलतं आणि मेंटेनन्स थकवणारा गेला तरी बदलतं. त्याला ना राग, ना लोभ. अपमान कुलूप बदलण्यात नसतो. 'तुम्ही गेलात म्हणून हो खास!' यात असतो. संशय सर्वांना सारखा वाटला, की त्याला नियम म्हणतात. घरात हे जमत नाही, कारण घरात नियमापेक्षा माणसं जास्त असतात.

पण नियमाचंही एका ठिकाणी काही चालत नाही. नवी किल्ली उद्याचं बोलणं झाकते. काल ऐकलेलं गेलेल्याच्या कानातून परत काढून घेता येत नाही. तिथे कुलूप एकच, त्याचं तोंड. आणि त्याची किल्ली कायम त्याच्याचकडे राहते. आपणही कुठून कुठून बाहेर पडलेलो असतोच की! मागे राहिलेल्यांनी दाराची किल्ली बदलली, म्हणून फुरंगटून बसू नये. या दुसऱ्या किल्लीच्या बाबतीत ते बिचारे अजून आपल्या भरवशावरच झोपतात.