मुका साक्षीदार आणि वाचकाचे समाधान

रहस्यकथेतील खून वाचकाला अस्वस्थ करीत नाही. कुत्र्याला झालेली इजा मात्र त्याला खपत नाही. हौशी अन्वेषक, लहानसे गाव आणि पडद्याआड उरकलेला खून अशी ज्याची रचना असते, त्या 'कोझी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या इंग्रजी वाङ्मयप्रकारात हा संकेत विशेष कसोशीने पाळला जातो. सुझन कोनांट यांनी १९९० पासून कुत्र्यांच्या सोबतीने एक रहस्यमालिकाच उभी केली. स्पेन्सर क्विन यांच्या 'डॉग ऑन इट'मध्ये (२००९) तर निवेदनच चेट या कुत्र्याकडे आहे. माणूस मेला की येथे कोडे सुरू होते. कुत्रा मेला तर वाचकाशी झालेला करारच मोडतो. अशा कादंबऱ्या आवडीने वाचणाऱ्याला (प्रस्तुत लेखक त्यांपैकीच एक) एक प्रश्न टाळता येत नाही : मृत माणसापेक्षा जिवंत कुत्र्याची काळजी वाहण्यात मिळणारा हा आनंद नैतिकदृष्ट्या निर्दोष आहे काय?

साहित्यातील भावना लौकिक नसतात, हे उत्तर आपल्या समीक्षेत तयारच आहे. पण ते येथे उपयोगी पडत नाही. खुनाविषयीची आपली अलिप्तता अलौकिक असेल, तर कुत्र्याविषयीचा हळवेपणाही तसाच अलौकिक असावयास हवा. मग एकाच कलाकृतीत एका जिवाला अलिप्तता आणि दुसऱ्याला माया, ही वाटणी कोणत्या न्यायाने होते?

डब्ल्यू. एच. ऑडन यांनी 'द गिल्टी विकरेज' (१९४८) या निबंधात आपले रहस्यकथावाचन तंबाखू-दारूच्या व्यसनाच्या पंक्तीला बसवले. प्रेत किती अस्थानी वाटले पाहिजे हे सांगताना त्यांनी दिलेला दाखला मोठा बोलका आहे : दिवाणखान्यातील गालिच्यावर कुत्र्याने घाण करावी तसे. या उपमेत मृत्यू हा शोकाचा विषय उरत नाही. तो घराची टापटीप बिघडवणारी बाब होतो. रहस्यकथेची ओढ ही मूलतः निरागस अवस्थेकडे परतण्याची ओढ आहे, असेही ऑडन मानतात. तसे असेल तर या जगात कुत्र्याचे स्थान उघड आहे. जिथे प्रत्येक जण संशयित, तिथे अपराध करण्यास मुळातच असमर्थ असा तो एकटा. कुत्रा चावू शकतो. दोषी होऊ शकत नाही. त्याच्यावरील प्रेमात जोखीम नाही, आणि दोषी होऊ शकणाऱ्यांवर प्रेम करण्याचे अवघड काम वाचकाला तेवढ्यापुरते टळते.

येथवर निकाल वाचकाच्या विरुद्ध जातो. परंतु अगाथा ख्रिस्ती यांची 'डम विटनेस' (१९३७) ही कादंबरी हा निकाल सहज मान्य करू देत नाही. वृद्ध मिस अरंडेल जिन्यावरून पडतात. वरच्या पायरीवर बॉब या त्यांच्या टेरियरचा चेंडू सापडतो आणि दोष बॉबवर येतो. वस्तुतः जिन्याच्या माथ्यावर कुणीतरी दोरा बांधलेला असतो, आणि बॉब तर ती रात्रभर घराबाहेर असतो. (दोरा कुणाचा, हे सांगून कुणाचा विरस करीत नाही.) पुढे त्या विषप्रयोगाने मरतात. अखेरच्या आजारात त्या कुत्रा, चेंडू, चित्र असे काहीबाही बोलत राहतात. भोवतालचे लोक ते वातातले बरळणे समजतात. घरात एक चिनी मातीची बरणी आहे; तिच्यावर रात्रभर बाहेर अडकून पडलेल्या कुत्र्याचे चित्र आहे. बाई बॉबचे निरपराधित्व सांगत होत्या, आणि त्या वाटेने स्वतःच्या खुनाकडे बोट दाखवीत होत्या. मुका साक्षीदार एक नव्हे, दोन आहेत. कुत्र्यावरचा आळ ज्याला टोचतो त्यालाच मृत बाईचे म्हणणे ऐकू येते. प्वारोला ते आले.

निरपराध कुत्र्यावरील अन्यायाचे गांभीर्य आपल्या परंपरेला अनोळखी नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाचे भाऊ सत्राच्या ठिकाणी आलेल्या सरमेच्या पिल्लाला मारतात. त्याने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटणे दूरच. सरमा येऊन कारण विचारते, आणि अदृष्ट भयाचा शाप देते. तिथे मात्र आळ दूर होऊन कुणाचे समाधान होत नाही. भय पुढील कथेवर लोंबकळत राहते.

कुत्र्यांच्या सगळ्याच रहस्यकथांना हे श्रेय देता येणार नाही. पुष्कळ ठिकाणी कुत्रा उशीसारखा मऊ, आणि तेवढाच निरर्थक असतो. खुद्द ख्रिस्तीबाईंच्या कादंबरीतही वाचकाची माया बॉबपासून मिस अरंडेलपर्यंत पोहोचतेच असे नाही. शेवटी बॉब हेस्टिंग्जकडे जातो, आणि पुस्तक मिटताना मन त्याच्यापाशीच रेंगाळते. बाईंचे पहिले नाव एमिली. हा लेख लिहिताना ते मला पुस्तक उघडून पाहावे लागले.