भारमान

कागलपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या एका गावातून सकाळी कागलमार्गे कोल्हापूरला जाणारी एसटी बंद होणार, अशी कुणकुण लागली आणि गाव खवळलं. पारावर बैठक बसली, निवेदन लिहिलं गेलं, साठ-सत्तर सह्या झाल्या. गावात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक होते. सगळे त्यांना आण्णा म्हणत. निवेदन द्यायचं काम साहजिकच त्यांच्याकडं आलं.

दुसऱ्या दिवशी पंधरा-वीसजण आण्णांना घेऊन कागलच्या स्टँडवर गेले. वाहतूक नियंत्रकानं निवेदन शेवटपर्यंत वाचलं. मग खिडकीतून बाहेर बघत तो म्हणाला, "आण्णा, तुमच्या गावची गाडी आत्ताच फलाटाला लागली. मंडळी कशानं आलासा?"

बाहेर मोटरसायकलींची रांग लागली होती. एक नवी कोरी चारचाकीही होती, आण्णांच्याच मुलाची.

आण्णा उठून गाडीपाशी गेले. आयुष्यभराच्या सवयीनं त्यांनी दारातूनच नजर फिरवून शिटा मोजल्या. कॉलेजच्या दोन पोरी, कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात साखरेच्या गोळ्या आणायला निघालेले एक आजोबा आणि मांडीवर मेथीचं गाठोडं घेतलेली एक बाई. चाळीसच्या वर शिटांच्या गाडीत चौघं. त्या चौघांपैकी एकाचीही सही निवेदनावर नव्हती. बैठकीला त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

त्या रात्री पारावर पुन्हा माणसं जमली. फायव्ह स्टार एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा म्हणाला, "एसटीचं जाऊ दे की आण्णा. सातारा-कागल रस्ता सहापदरी व्हायलाय. निपाणीकडं रेल्वे न्यायचीबी बोलणी हाईत. ती आली म्हंजे प्रश्नच मिटला."

"येऊ दे की रेल्वे, पायजेच," आण्णा म्हणाले. "पर एसटीत चौघं बसत्यात, तर रेल्वेत कोण बसणार? शाहू महाराज आपल्या कागलचं, घाटग्यांच्या घरातलं. पागेत घोडं कमी हुतं व्हय त्यांच्या? तरी १८८८ ला कोल्हापूर-मिरज रेल्वेचा पाया त्यांच्या हातनं घातला गेला. १८९१ ला गाडी सुरू झाली. पुढं राज्य हातात आल्यावर १८९५ ला शाहूपुरी वसवली, गुळाची पेठ उभी केली. गुळाला गाडी मिळाली आन् गाडीला गूळ. नुसतं रूळ टाकून भागत न्हाई, बाबा."

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं खरं कारण सांगितलं. पहिली पाळी सातला लागते आणि ही गाडी कागलात पोचते सव्वासातला. उशीर झाला की खाडा. मग मोटरसायकल नको तर काय?

माझ्या मते त्या रात्रीची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. त्या पोराला आळशी किंवा चैनी म्हणणं सोपं होतं. आपल्याकडं दुचाकी घेणाऱ्यांना सरसकट तसं म्हटलंही जातं. पण वेळ जुळत नाही म्हणून गाडी भरत नाही, आणि गाडी भरत नाही म्हणून वेळ जुळवायचं कुणाच्या मनातही येत नाही. ह्या फेऱ्यात गावोगावच्या फेऱ्या बंद पडतात. त्याचा भुर्दंड बसतो तो ज्यांच्याकडं दुसरं काहीच नाही त्यांना. २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं; पण गाडीच नसेल तर त्या सवलतीचं करायचं काय?

आण्णा पुन्हा स्टँडवर गेले, ह्या खेपेला एसटीनं आणि एकटेच. गाडी पाऊण तास आधी सोडा, असं त्यांनी सुचवलं. आगारानं तीन महिन्यांची मुदत दिली. भारमान, म्हणजे भरलेल्या शिटांचं प्रमाण, वाढलं तर फेरी चालू, नाहीतर बंद.

पहिल्या आठवड्यात पोरांनी कुरकुर केली. एमआयडीसीच्या फाट्यापासून कारखान्यापर्यंत चालावं लागे. तिघांनी पुन्हा मोटरसायकलला किक मारली. कॉलेजच्या पोरी फार लवकर पोचू लागल्या. त्या बिचाऱ्या स्टँडच्या बाकावर पुस्तक उघडून बसत. पण पहिल्या पाळीची माणसं हळूहळू टिकली, कारण महिन्याच्या पासापेक्षा पेट्रोल महाग पडतं हा हिशेब घरच्या बायकांनी आधीच करून ठेवला होता. आण्णांचा मुलगा कोल्हापुरात नोकरीला. बिंदू चौकात गाडी लावायला जागा शोधून तो वैतागला होता. "बघतो एक महिना," म्हणून तोही बसू लागला.

मुदत संपली तेव्हा फेरी चालू राहिली. आता संध्याकाळच्या परतीच्या गाडीसाठी नवं निवेदन तयार आहे. त्यावर पहिल्यापेक्षा कमी सह्या आहेत. पहिली सही मेथीवाल्या बाईची आहे, आणि प्रत्येक पासधारकाच्या नावापुढं त्याच्या पासाचा नंबर लिहिला आहे.